ठकूमायनं उतरवलेली पाटी

फार वर्षांपूर्वीची, जिल्हे-तालुके व्हायच्या आधीची ही गोष्ट. कण्हेरीच्या डोंगरावर दोन परगणे एकमेकांना खेटून होते. उगवतीकडच्या परगण्याचं शेवटचं गाव तेलंदरी, मावळतीकडच्याचं बोरखडी. मध्ये एक झरा, बाकी नुसता खडक आणि वारा. एका वर्षी डोंगर खचला, शिवेचे दगड दरीत गेले, आणि झरा कुणाचा यावरून दोन्हीकडच्या काठ्या बाहेर निघाल्या.

असल्या भांडणाचा निवाडा तेव्हा पायांनी व्हायचा. दोन्ही गावांना पटलेलं माणूस देवाची आण घेऊन, डोक्यावर मातीची पाटी घेऊन चालायचं. ते चालेल ती शीव. वाटेत जिथं पाटी उतरली, तिथं शीव तुटली. ती जागा दोन्ही गावांची. आणि मुद्दाम खोटं चालणाऱ्याचा वंश बुडायचा, असं म्हणतात.

माणूस ठरलं ठकूबाई धनगरीण. तेलंदरीची लेक, बोरखडीची सून. मेंढरांमागं हिंडून अख्खा डोंगर तिनं पायाखाली घातलेला. पण बाई पेचात सापडली होती बरं का! खरी शीव तिला ठाऊक होती. ती झऱ्याच्या काठाला घासून जायची आणि झरा सगळा बोरखडीला सोडायची. खरं चालावं तर माहेरची भाचरं पाण्यावाचून मरणार, खोटं चालावं तर बिरोबाची आण मोडणार. करावं काय माणसानं?

सकाळी कपाळाला भंडारा लावून ती निघाली. मागून दोन्ही गावं, आणि निवाडा सांगायला घोड्यावर देशमुख. असं म्हणतात, ती पाऊल टाकी तिथले काटे आपणहून आडवे होत, आणि तिची मेंढरं कुणी न हाकता रांगेनं मागं येत. पटत नसेल तर राहू द्या, पण तिथल्या बाभळींचे काटे आजही खाली वळलेले आहेत.

खऱ्या शिवेवरून तसूभरही न ढळता ती झऱ्याशी आली. गर्दीत तिचा भाऊ म्हसू मान खाली घालून उभा होता. ठकूबाईनं त्याच्याकडे पाहिलं, डोक्यावरची पाटी काठावर उतरवली आणि खाली बसून पोटभर पाणी प्याली.

बोरखडीचा पाटील धावत आला. “काकी, काय केलंत हे? शीव तुटली की!”

“तुटू दे, लेका. तहान लागली होती मला. डोक्यावरची पाटी धरून ओंजळ कशी करू?”

देशमुख इतके हसले की घोडा बिचकला. नेम तो नेम, झरा दोघांचा, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं. पाटील जरा घुटमळला, मग तोही पाणी प्याला. करंगळीएवढी धार होती, ती त्या दिवशी मनगटाएवढी झाली, असं म्हणतात. ठकूबाईनं मात्र पाटी पुन्हा उचलली आणि उरलेली शीव चालून दिली.

आजही दोन्ही गावांत नवी सून आली, की तिच्या डोक्यावर मातीची पाटी देऊन तिला झऱ्यावर नेतात. तिथं पाटी उतरवून ती पाणी पिते आणि मगच घरी येते. मोजणीवाल्यांच्या नकाशातही शिवेची रेघ झऱ्याशी तुटलेली आहे. नवा साहेब आला, की हटकून विचारतो, इथं रेघ राहिली काय? मग दोन्हीकडचे म्हातारे एकदम सांगतात, “राहू द्या, साहेब. तिथं आमची ठकूमाय पाणी पितेय.”