चंपाच्या हातची पेज

"मग माझ्यात कमी काय आहे, बाई?"

रत्नमालेनं विचारलं, आणि उत्तर मिळेस्तोवर हलायचं नाही अशी समोर उभी राहिली.

मोठ्या बाई दवाखान्याच्या ओसरीवर बसल्या होत्या. पुढ्यात पांढऱ्या जाळीदार कापडाचा ढीग. त्याच्या घड्या घालायच्या, डब्यात भरायच्या, डबा वाफेला जायचा, मग त्या घड्या कुणाकुणाच्या जखमेवर बसायच्या. बाई इथल्याच जुन्या मुख्य नर्स; नोकरीतून निवृत्त झाल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. पण दुपार कलली की त्या आपल्या खोलीतून हळूहळू चालत येत आणि घड्या घालत बसत.

"कमी?" बाई म्हणाल्या. "कमी काही नाही."

"मग?"

"मग बस. ते टोक धर."

रत्नमाला बसली. टोक धरलं.

आता ही रत्नमाला कोण, तर तिथं नर्सिंग शिकायला आलेली पोर. हुशार. परीक्षेत पहिली. तिनं चादर घातली की सुरकुतीला जागा नाही. तिनं सुई टोचली की माणूस विचारी, झाली टोचून की अजून टोचायचीय? हे सगळं तिला माहीत होतं. आणि तिला माहीत आहे, हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं.

तिला मामानं वाढवलेलं. मामा म्हणत होता, मास्तरीण हो. खुर्ची मिळेल, उन्हाळ्याची सुट्टी मिळेल. हिनं ऐकलं नाही. "जा मग, लोकांची घाण काढ," असं म्हणून त्यानं हिला एस.टी.त बसवून दिलं होतं. आता त्याचा निरोप आला होता. उद्या येतोय. जमत नसेल तर सामान बांधून ठेव, मास्तरकीला अजून जागा आहे.

आणि कधी नव्हे ते रत्नमालेला वाटत होतं, की बांधावं.

कारण होतं खिडकीजवळच्या खाटेवर.

त्या खाटेवर भिवसन होता. म्हातारा धनगर. अंगावरून वारं जाऊन उजवी बाजू लुळी पडलेली, जीभ जड झालेली. शब्द निघायचा तो अर्धाच. त्याला पेज भरवायची असे. तो चंपाच्या हातची खाई. रत्नमालेच्या हातची खात नसे.

चंपा म्हणजे हिच्याच वर्गातली. परीक्षेत खालून दुसरी. औषधाचं नाव घेताना जिभेला तीनदा ठेच लागायची. तिनं घातलेली चादर म्हणजे नांगरलेलं वावर. पण ती वाटी घेऊन बसली की भिवसन तोंड उघडी.

कालपासून चंपाला बाळंतिणींकडं धाडलं होतं. कालपासून भिवसनच्या पोटात काही नव्हतं. डॉक्टर सकाळी सांगून गेले होते, संध्याकाळपर्यंत घेतलं नाही तर नाकातून नळी घालू.

"चंपाला विचारलंस?" बाईंनी विचारलं.

"विचारलं. ती म्हणते, मला काय ठावं, मी आपली भरवते."

बाई हसल्या.

"हसू नका बाई. मी सगळं करून पाहिलं. त्याला उशीला टेकवून बसवते. चांगल्या बाजूनं भरवते. चमचा अर्धाच घेते. पेज मनगटावर टाकून बघते, गरम नाही ना. चंपा तर यातलं निम्मं करत नाही."

"हं."

"तिच्यासारखं बोलूनसुद्धा पाहिलं."

"कसं?"

रत्नमाला मान खाली घालून म्हणाली, "घ्या की वो बाबा वाईच."

"मग?"

"त्यानं तोंड फिरवलं."

बाईंनी एक घडी पुरी केली.

"ती भरवते तेव्हा तू काय पाहिलंस?"

"तिचा हात."

"आणि?"

"हात माझ्यासारखाच आहे."

"हं..."

दोघी कापड दुमडत राहिल्या. रत्नमालेच्या घडीचे कोपरे कोपऱ्यांवर बसत होते. बाईंच्या घड्या थोड्या वाकड्या पडत होत्या.

"बाई, मला एवढंच सांगा. मी या कामाची आहे की नाही? नसेन तर उद्या मामाबरोबर जाते. उगाच दुसऱ्या कुणाची जागा अडवून कशाला बसू?"

बाईंनी कापड बाजूला सारलं. दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "पेज आण. भरव मला."

रत्नमालेला वाटलं, थट्टा आहे. पण बाई हात बाहेर काढीनात. तेव्हा ती उठली, वाटीत पेज घेऊन आली. बाईंच्या गळ्याखाली फडकं लावलं. शेजारी बसली. अर्धा चमचा भरला, चमच्याचा तळ वाटीच्या काठाला पुसला, आणि ओठाशी नेला. कुठं काही चुकलं नाही.

बाईंचे ओठ मिटलेले.

"बाई, तोंड उघडा."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या.

"बाई..."

पेज चमच्यात निवली. रत्नमालेनं चमचा खाली ठेवला.

"का हो, बाई?"

"मला काय ठाऊक? उघडलं नाही."

मग बाईंनी पदराखालून हात काढले. वाटी आपल्याकडं ओढली. "आता तू घे."

समोरून माणसं येत-जात होती. रत्नमालेला लाज वाटली. तिनं मनाशी ठरवलं, आपणही उघडायचं नाही. बघू या काय करतात.

बाईंचा हात कापरा. चमचा भरताना थोडी पेज त्यांच्या लुगड्यावर सांडली. चमचा हेलकावे खात वर आला, हिच्या ओठाशी आला...

आणि पेज रत्नमालेच्या तोंडात होती.

तिनं तर ठरवलं होतं. दातही आवळले होते. मग तोंड उघडलं कधी? कुणी उघडलं? तिनं चमकून बाईंकडं पाहिलं.

बाईंचं तोंड उघडं होतं. इनमिन चार दात राहिलेलं ते तोंड, घरट्यातल्या पिलानं वासावं तसं वासलेलं. चमचा मागं गेला, तसं ते हळूच मिटलं.

"सापडलं," रत्नमाला म्हणाली.

"काय?"

रत्नमालेनं वाटी घेतली आणि आत पळाली.

"सापडलं का?" बाई मागं एकट्याच म्हणाल्या. "बरं..."

रत्नमालेनं नवी पेज घेतली. भिवसनला टेकवून बसवलं. चमचा भरला, त्याच्या ओठाशी नेला, आणि आपलं तोंड उघडलं. चांगलं मोठं उघडलं.

भिवसननं तिच्याकडं पाहिलं. ओठ मिटलेलेच.

तिनं अजून मोठं उघडलं.

शेजारच्या खाटेवर बबन होता. टेम्पोवाला. पाय मोडून वर टांगलेला, त्यामुळं तोंडाखेरीज कशालाच काम नव्हतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "म्हाताऱ्याला दाढ दाखवताय काय? तो धनगर आहे, दातांचा डॉक्टर नाही."

पलीकडच्या दोन खाटा हसल्या.

रत्नमालेनं तोंड मिटलं. कान तापले. तरी तिनं पुन्हा केलं, यावेळी जरा बेतानं. मग आणखी एकदा. भिवसननं डोळे मिटून घेतले.

संपलं.

तिनं वाटी मांडीवर ठेवली आणि स्टुलावर बसून राहिली. मनात म्हणाली, उद्या मामा येईल. आपली पेटी लहानशीच आहे, बांधायला वेळ लागणार नाही. पोरांना पाढे शिकवू. पोरं काही तोंड मिटून बसत नाहीत. आता करायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ती नुसतीच म्हाताऱ्याकडं बघत बसली.

"को..." भिवसन म्हणाला. "को... को..."

हे तो रोजच करी. रत्नमाला ते ऐकत आली होती, जसा पंख्याचा आवाज ऐकावा तसं. वारं गेलेली माणसं काहीबाही बोलतात, हे तिला शिकवलेलं होतं.

"को..."

आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, हा म्हणतोय तरी काय?

"कोण, बाबा?" ती म्हणाली. "कोण पाहिजे तुम्हाला?"

भिवसननं डोळे उघडले. मान हलवली. नाही.

"कोंबडी मागत असंल," बबन म्हणाला. "रोज पेज पाजताय त्याला."

भिवसननं बबनकडं असं पाहिलं, की बबननं नजर वर टांगलेल्या पायाकडं वळवली.

"को... क..."

रत्नमाला पुढं सरकली. त्याच्या ओठांकडं बघत ओठ तसेच करून पाहू लागली. को... कोक... आणि तिला सुचलं.

"कोकरू?"

म्हाताऱ्याचा चांगला हात खाटेवर आपटला. हो.

"कोकराला काय झालं, बाबा?"

तो हात वर झाला. आडवा पडला. मग दूर कुठंतरी गेलं, असा हलला.

"मेलं?"

नाही. हात पुन्हा आडवा पडला, पण जास्त लांब, जास्त मोठा.

"त्याची आई मेली?"

भिवसनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मान डोलावली. मग हाताचं एक बोट वाकवून पुढं केलं, आणि हलवलं. रत्नमालेला कळेना. बोट? बोटाला काय? त्यानं पुन्हा हलवलं, आणि ओठांनी चोखल्यासारखं केलं.

"बोटानं दूध पाजता? तुमच्या बोटाला चोखतं ते?"

हो. हो.

"आणि आता तुम्ही इथं..."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. इतके दिवस तो हेच विचारत होता, आणि कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"पण बाबा, ते बोट तोंडात घेतं कसं? पहिल्यांदा कसं घेतं? त्याला तर आईची सवय."

हे तिला खरंच माहीत नव्हतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि परीक्षेतही कुणी विचारणार नव्हतं. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

भिवसननं मान वर केली. कोकरू कसं करतं ते तिला दाखवलं. आधी नाक इकडं तिकडं. मग धीर होत नसल्यासारखं थांबणं. मग हळूच, अगदी हळूच, तोंड...

चमचा रत्नमालेच्या हातातच होता.

पेज गेली. त्यानं गिळली. ती म्हणाली, "आणि मग?" त्यानं पुढचं दाखवलं. ती म्हणाली, "असं होय?" असं करत करत वाटीचा तळ दिसू लागला. बबन पलीकडून बघत होता. त्याचाही जबडा खाली आला होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

ओसरीवर ऊन खांबांपाशी आलं होतं. बाईंचा डबा भरत आला होता.

"जेवला," रत्नमाला येऊन म्हणाली.

"हं."

"बाई, त्याच्या कोकराची आई मेलीय. हा त्याला बोटानं दूध पाजत होता. आता कोण पाजतं, कुणाला ठाऊक. सकाळी दुधाची गाडी त्याच्याच वाडीवरून येते. उद्या त्या गाडीवाल्याला गाठून विचारते. नाहीतर म्हातारा झुरेल."

"उद्या तुझा मामा येणार ना?"

रत्नमालेनं कपाळावर हात मारला.

"विसरलीस?"

"हो, बाई."

बाईंनी शेवटची घडी डब्यात ठेवली. झाकण लावलं.

"रत्ना, म्हाताऱ्याला भरवत होतीस, तेव्हा तुझं तोंड उघडं होतं की मिटलेलं?"

रत्नमालेनं आठवून पाहिलं. त्याचं नाक आठवत होतं. त्याचं वाकलेलं बोट आठवत होतं. तो कोकरासारखा थांबला ते आठवत होतं. बाईंनी विचारलं आणि आपल्याला उत्तर आलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"नाही आठवत, बाई," ती खालच्या आवाजात म्हणाली.

बाईंनी डबा तिच्या हातात दिला.

"आठवलं असतं, तर मामाबरोबर जा म्हणाले असते."