मंत्रीसाहेबांचा भोपळा

कॅनडातल्या गव्हाच्या मुलखात युक्रेनहून येऊन वसलेल्या लोकांचं एक गाव होतं. त्या गावचा पहिला वकील ओस्ताप. मंत्रीसाहेब तिथे मतं मागायला आले, तेव्हा दुभाषा म्हणून तोच शेजारी उभा राहिला. पुढच्या निवडणुकीचं तिकीट साहेबांनी त्याला कबूल केलं होतं.

मंत्री इंग्रजीत म्हणाले, "या लसूणखाऊ अडाण्यांना सांग, मुकाट्याने मत द्या आणि शेतात राबा."

ओस्तापचे कान तापले. तरी त्याने हसून सांगितलं, "साहेब म्हणतात, तुमच्या कष्टांना माझा नमस्कार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे बसलेल्या त्याच्या आईने मात्र टाळी वाजवली नाही. इंग्रजांच्या घरी भांडी घासता घासता ती इंग्रजी शिकली होती, हे चिरंजीव साफ विसरले होते.

दाराशी सुगीचे भोपळे रचलेले होते. त्यातला भलामोठा उचलून तिने मंत्र्यांच्या हातात दिला. सभेत खसखस पिकली. मंत्र्यांनी तो छातीशी धरून ऐटीत फोटो काढून घेतला आणि विचारलं, "हा कसला मान?"

ओस्ताप खाली मान घालून म्हणाला, "मागणी घालायला आलेला मुलगा पसंत नसला, की आमच्याकडे त्याला भोपळा देतात, साहेब."

मंत्री तणतणत निघून गेले.

"बरं केलंस, आई," ओस्ताप पुटपुटला.

आईने शालीखालून एक छोटा भोपळा काढला.

"पुढच्या वेळी तूही येणार ना मत मागायला? तुझा आत्ताच घेऊन ठेव."

वीतभर भोपळा, पण ओस्तापला तो उचलवेना.