ताम्रायणाचा हुंकार

नद्यांना आपापली पात्रे अजून नीट ठाऊक नव्हती आणि धर्म चारही पायांवर उभा होता, त्या कृतयुगातली ही गोष्ट. पयोवहा नदीच्या तीरी, शमी-पलाशांच्या दाट छायेत, महर्षी ताम्रायणाचा आश्रम होता. दहा सहस्र शिष्यांचा हा कुलपती तपाने तेजस्वी, विद्येने अगाध आणि मनाने, खरे सांगायचे तर, भारी जळका होता.

जळण्याचे कारण त्याचा गुरुबंधू शरभाक्ष. आश्रमाची रीत अशी, की सायंहोम आटोपल्यावर ऋषींनी कथा सांगावी आणि श्रोत्यांनी वाक्यागणिक 'हुं' म्हणून हुंकार द्यावा. ताम्रायण सृष्टीची उत्पत्ती वर्णू लागला की हुंकार जांभयांत विरून जात. शरभाक्ष मात्र आपण रानात वाट कशी चुकलो एवढेच सांगे, आणि सारी सभा सरसावून बसे. कुलपती मी आणि कौतुक याचे, या विचाराने ताम्रायणाच्या पोटात दुखे. जपाला बसला तरी त्याच्या कानांत शरभाक्षाला मिळालेले हुंकारच घुमत.

अखेर त्याने बारा वर्षे एका पायावर उभे राहून वाग्देवीला आळवले. अरे, एवढ्या खटाटोपापेक्षा शरभाक्षालाच विचारले असते, बाबा, तू करतोस तरी काय? पण मत्सरी माणसाला ते कुठले सुचायला! शुभ्रवसना, वीणाधारिणी देवी प्रकट झाली तेव्हा या महातपस्व्याने मोक्ष मागितला नाही. यापुढे हुंकार माझ्याच कथेला मिळावा, इतरांच्या कथेला तो कोणाच्याही कंठातून उमटू नये, असे मागितले.

"तथास्तु," देवी म्हणाली. "मात्र ज्या दिवशी तू स्वतः दुसऱ्याच्या कथेला हुंकार देशील, त्या दिवशी हा वर सरेल."

ताम्रायण मनात हसला. असा दिवस उगवायचाच नव्हता.

मग काय, हुंकारांचा नुसता वर्षाव. तो चुकला तरी हुं, अडखळला तरी हुं. शरभाक्षाची सभा मुकी झाली. आपलेच काही बिघडले असे समजून तो बिचारा आता श्रोत्यांचे चेहरे न्याहाळत सांगू लागला.

पुढे एका वर्षी पयोवहा कोपली. बांध खचला, तीन दिवसांत तो उभा राहिला नाही तर आश्रम, गोधन आणि भोवतालची वस्ती जलमय होणार होती. ताम्रायणाने सर्वांना जमवून सेतू बांधणाऱ्या पूर्वजांची ओजस्वी कथा सांगितली. हुंकारांनी आकाश दुमदुमले. दुसऱ्या दिवशी प्रभाती तो बांधावर गेला, तर तिथे त्याच्यावाचून कोणी नव्हते.

संतापून त्याने मोळी विकणाऱ्या वृद्ध तुंगेला जाब विचारला. तिने शांतपणे सांगितले, "महाराज, तुम्ही बोलू लागलात की हुंकार आपोआप निघतो. तुम्ही काय सांगितलंत, ते मला आठवत नाही."

ताम्रायण तसाच शरभाक्षाच्या सभेमागे जाऊन उभा राहिला. तरुणपणी आपण कुणाला न विचारता बांध घातला, तो फुटला, आणि तीन घरे वाहून गेली, ही कथा शरभाक्ष सांगत होता. श्रोत्यांचे डोळे पाणावले होते, पण सभेत हूं की चूं नव्हते. शरभाक्ष थांबला. आपले सांगणे कोणालाच पटले नाही असे वाटून तो आसनावरून उठू लागला.

हे मौन कुठून आले ते एकट्या ताम्रायणाला ठाऊक होते. गप्प राहिले तर शरभाक्ष हरणार होता. आयुष्यभर त्याने दुसरे इच्छिले तरी काय होते? मागे पयोवहा गर्जत होती. त्याचा जीव अक्षरशः तुटला, आणि दहा सहस्र शिष्यांचा तो कुलपती सर्वांत मागच्या रांगेत मांडी घालून बसला.

"हुं," तो म्हणाला. "मग पुढे काय झाले, शरभाक्षा?"

वर सरला. सभाभर हुंकार उमटला, पहिल्याने तुंगा पदर खोचून उठली आणि तिच्यामागे सारी वस्ती बांधाकडे निघाली. ताम्रायणाने माती वाहिली. जळफळतच वाहिली, खोटे कशाला सांगू; पण तिसऱ्या दिवशी बांध उभा होता.

तेव्हापासून पयोवहेच्या तीरी कथेला पहिला हुंकार दुसऱ्या कथेकऱ्याने द्यायचा असतो, आणि तो येईपर्यंत सांगणारा पुढे जात नाही.