तिजेचं पाणी

“मग मरतात का, एवढंच सांगा मावशी!”

चांगुणा कालवांचे शिंपले फोडत होती. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर बसून. तिनं मान वर केली नाही.

सकाळचे आठ वाजून गेले होते. समोर हरेश्वर तांडेल. याच वाडीचा, पण आता पुण्यात मोठा इंजिनियर. हातात प्लास्टिकचे दोन रिकामे कॅन. पायात बूट. ओल्या खडकावर बूट घालून कोण उभं राहतं? तो उभा होता.

“काय काय मेलं, हऱ्या?”

“हरेश्वर म्हणा हो… खेकडे मेले. शंख मेले. मीठ तोलून घातलं. पाणी थंड ठेवलं. मोटर एक मिनिट बंद नाही. आई समुद्रासाठी झुरते, म्हणून समुद्रच घरात आणला. खाटेसमोर चार फुटांची काचेची टाकी!”

“बघते ती?”

“…आधी बघायची.”

“मग तुझ्या आईलाच, बुधीलाच आण की इकडे. टाकी कशाला?”

“कंबरेचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, आता हलवायचंच नाही. कधीच.”

चांगुणाची कोयती थांबली. मग पुन्हा चालू झाली. जरा जोरात.

“शंख कसे मेले?”

“काचेवर चढून पाण्याबाहेर येऊन बसायचे. दिवसातून दोनदा. परत खाली. आणि रोज पाऊण तास उशिरा! मी वहीत लिहून ठेवलंय. मग चढायचे थांबले. मग मेले.”

“आणि बुधी? ती काय म्हणते?”

“आधी रोज सकाळी एकच धोशा. आज तिथी कुठली? आज तिथी कुठली? मी म्हणायचो, आई, तुला आता कुठले उपास करायचेत? पडून राहा गप.”

“मग?”

“पंधरा दिवस झाले, विचारत नाही. बोलतच नाही. जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून…”

त्यानं कॅन खडकावर ठेवले.

“हे शंख जगले तर ती इकडं तोंड करेल, मावशी. नवे द्या. पाणी भरून नेतो. माझं चुकतंय काय, तेवढं शिकवा.”

“आज तिथी कुठली?”

त्यानं खिशातून मोबाइल काढला.

“तो ठेव आत. नाव हाकणाऱ्या तांडेलाचा ना तू?”

“…ठाऊक नाही.”

“तीज.” तिनं त्याचा हात ओढला. कालवांच्या चिकट बोटांनी त्याची बोटं धरली. “तिथीची पाऊणपट कर. तीन पाऊण?”

“सव्वादोन.”

“सव्वादोनला भरती भरणार. त्याच्या सहा तास आधी पाणी हा खडक सोडतं. तेव्हा मी येते. रोज पाऊण तास उशिरा, तुझ्या शंखांसारखी. मी शाळेत चौथीपण नाही झाले. नवी सून म्हणून आले, रडत बसायचे, तर याच खडकावर बसवून तुझ्या आईनं हे माझ्या बोटांत घातलं. चाळीस वर्षं दोघी…”





पाणी वळलं. फटीफटीतून वर आलं. बुटांना लागलं. त्यानं पाय काढला नाही.

“मला वाटलं… उपास.”



त्यानं वाकून कॅन पाण्यात धरला. भरला. झाकण लावायला गेला.

तिनं तो त्याच्या हातातून घेतला आणि खडकावर उपडा केला. बुडबुड करत सगळं पाणी गेलं.

“मावशी! मग मी तिच्यासाठी नेऊ तरी काय?”

चांगुणानं कोयती कमरेला खोचली. टोपली उचलली.

“तीज ने. तिला सांग, आज तीज. सव्वादोनच्या आत पोच.”