न्हाणीघरातला अडसर

पूर्वी एका तीर्थक्षेत्री धर्मशाळेच्या न्हाणीघरात यात्रेकरू माळा, अंगठ्या विसरून जात. म्हणून एका सुताराने दाराचा अडसर फळीसारखा रुंद केला. स्नानापूर्वी चीजवस्तू त्यावर ठेवायची. ती हाती घेतल्याखेरीज अडसर उचलता येत नसे आणि दारही उघडत नसे.

भिंतीवरच्या नक्षीदार खुंटीला हे मानवले नाही. "काय रे ठोंब्या, भल्या माणसांची वाट अडवतोस, लाज नाही वाटत? मी कधी कोणाला अडवत नाही."

"मला त्यासाठीच तर बसवले आहे, बाई," अडसर म्हणाला.

एकदा कीर्तनकार धुंडिराजबुवा स्नानाला आले. सायंकाळी त्यांचे कीर्तन होते. विषय होता सावधानता. गुरूंनी दिलेली रुद्राक्षमाळ अडसरावर ठेवावी, असे सेवेकऱ्याने विनविले, तेव्हा बुवा हसले. "अरे, ही सोय विसरभोळ्यांची. आम्हांला कसली धास्ती?" त्यांनी माळ खुंटीला अडकवली, निरूपण घोकीत स्नान केले आणि घोकीतच बाहेर पडले.

जपाला बसताना हात गळ्याशी गेला. बुवा ओल्या शेंडीने धावत आले. खुंटी रिकामी होती. मधल्या वेळात कोणी स्नान करून गेला होता.

"माझा काय दोष?" खुंटी पुटपुटली. "मी कोणाला अडवत नाही."

"खरे आहे," अडसर म्हणाला. "बुवांनाही नाही आणि चोरालाही नाही."

सायंकाळी मंडप भरला. बुवांनी आयत्या वेळी विषय बदलला. निरूपण वैराग्यावर झाले, आणि डोळे प्रथम बुवांचेच भरून आले.