मोराचा दगड

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात एक पाथरवट होता. हातात कसब होतं, पण त्याची हवा डोक्यातही गेली होती. गावाने त्याच्याकडे दगडी पुलाचं काम दिलं.

त्या मुलखात एक रीत होती. कमान लाकडी आधारावर रचायची आणि आधार काढायच्या दिवशी बांधणाऱ्याने घरच्यांना घेऊन कमानीखाली उभं राहायचं. त्यामुळे कामात कुचराई करायची कोणाची छाती होत नसे.

कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड बाकीच्या सगळ्यांना धरून ठेवतो. पाथरवटाने त्यावर नाचरा मोर कोरला. अख्खं गाव बघून गेलं. बसवण्याआधी त्याने दगडावर हातोडी मारली, तर तो खणखणीत न वाजता बद्द वाजला. दगडात चीर होती! दगड टाकावा, तर मोर जाणार. आता गावाला काय सांगायचं? त्याने गुपचूप चिरेत चुना भरला आणि दगड बसवून टाकला.

आधार काढायचा दिवस आला. सुतार आधाराच्या पाचरी काढायला सरसावला. पाथरवटाची बायको नातीला कडेवर घेऊन हसत हसत कमानीखाली आली.

पाथरवटाला घाम फुटला. "तू घरी जा. पोरीला ऊन लागेल."

"अहो, कमानीखाली कसलं ऊन?"

"जा म्हणतो ना!"

"असं कसं? उद्या गावातली सगळी लेकरं या पुलावरून जाणार. मग आपलीच नात का वेगळी?"

पाथरवटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा!" तो ओरडला. "पाचर काढू नका. मधला दगड चिरलेला आहे. मला ठाऊक होतं."

पाटलांनी नाही नाही ते सुनावलं. बायकोने मात्र फक्त नातीला छातीशी घट्ट धरलं. पाथरवटाला तेच जास्त लागलं.

उतरवताना त्या दगडाचे दोन तुकडे झाले. मोर मधोमध दुभंगला.

पाथरवटाने नवा दगड बसवला. पुन्हा तो दिवस आला, पण घरच्यांना बोलवायला त्याला तोंड नव्हतं. तो एकटाच कमानीखाली उभा राहिला. तेवढ्यात बायको नातीला घेऊन शेजारी आली.

"दगड वाजवून बघितलात ना?"

"बघितला. खणखणीत आहे," तो खाली बघत म्हणाला.

पाचरी निघाल्या. कमान तसूभरही हलली नाही.

माथ्यावरचा तो दगड त्याने कोराच ठेवला. कोणी कारण विचारलं, की तो मान खाली घालून सगळं सांगायचा, मोरासकट.

तात्पर्य: ज्या कमानीखाली आपलं लेकरू उभं करवत नाही, तिच्यावरून दुसऱ्याचं लेकरू चालवू नये.