पुढे सरकलेली खुंटी

एकदा एक वृद्ध गवंडी गावाच्या स्मशानभूमीला दगडी कुंपण घालत होता. मजुरी घेत नव्हता. त्याच्या हाताखाली तरुणपणी काम शिकलेला एक शिष्य, आता शाळेत कारकून, रविवारी मदतीला येई.

त्या रविवारी शिष्य खुशीत होता. म्हणाला, "मिस्त्री, रिझर्व्ह बँकेने वर्षात सहा वेळा दर वाढवला. शेजारी घाबरलेत. माझ्या घराच्या कर्जाचा हप्ता मात्र एक रुपयाने वाढला नाही. बँकेचं पत्रच आलंय."

म्हाताऱ्याने दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. "इथून तिथवर एक थर लाव. मग जेवू."

शिष्याने अर्धा थर लावला. मान वर केली तर खुंटी आठ हात पुढे गेलेली. त्याला वाटले, आपलीच नजर चुकली. तो लावत राहिला. ऊन कलले. पुन्हा पाहिले, तर म्हातारा खुंटी उपटून आणखी पुढे ठोकत होता.

"मिस्त्री, थट्टा करता काय? पोटात कावळे ओरडताहेत."

"दगड जास्त उचलायला लावले का तुला?"

"नाही."

"वेगाने कर म्हणालो?"

"नाही. पण असं संपायचं कधी?"

"पत्र काढ. दुसरी ओळ वाच."

शिष्याने पहिल्या ओळीपाशीच पत्र घडी करून ठेवले होते. आता उलगडले. हप्त्यात बदल नाही. परतफेडीच्या मुदतीत बदल. अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीबरोबर फिटणारे कर्ज आता सदुसष्टाव्या वर्षी फिटणार होते.

म्हातारा दगडावर बसला. "मी चौथीपर्यंत शिकलो. पण सही करायच्या आधी कागद शेवटपर्यंत ऐकतो. मोठी बँक ज्या दराने बँकांना पैसा देते, तो दर चढला की तुझी बँक तुझा चढवते. तू देतोस तेवढंच. त्यातलं व्याज जास्त खातं, मुद्दल उपाशी राहतं. ते झिजत नाही, म्हणून वर्षं वाढतात. हप्ता वाढला असता तर तू ओरडला असतास. वर्षं वाढली, तू पेढे वाटायला निघालास."

"दर उतरेलच की कधीतरी."

"उतरेल. चढलेला दर धावत दारात येतो. उतरलेला वाटेत बसतो, त्याला आणायला तुलाच बँकेत जावं लागतं."

"मग मी काय करू?"

"हप्ता वाढवून घे."

"पगारात बसत नाही, मिस्त्री."

म्हाताऱ्याने हातांवरची धूळ झटकली. त्याच्यापाशी दुसरा उपाय नव्हता, आणि खोटा धीर देण्याची त्याला सवय नव्हती.

"मग सदुसष्टपर्यंत जग," तो म्हणाला.

शिष्य घरी गेला. बायकोला सगळे सांगितले. कर्जाच्या कागदावर तिचीही सही होती. ती म्हणाली, "आणि तुम्ही नसाल तर?"

त्याने कर्जाचा कागद काढला. तिच्या सहीवर बोट ठेवले.

कर्ज घेणाऱ्याने हप्ता किती, हे सर्वांत शेवटी विचारावे. शेवटचा हप्ता कोणत्या वयात आणि कोणाच्या हातून, हे आधी विचारावे.